वासाला आकडा नसतो

निरीक्षकांच्या बायकोची ड्रायव्हिंगची परीक्षा अकरा वाजता होती आणि त्यांनी आठ वाजता ठरवलं, की त्याआधी गाडीचं पेट्रोल-हवेचं मिक्श्चर जरा नीट करून घ्यावं. जरा! या एका शब्दाने त्या घराचं जेवढं नुकसान केलंय, तेवढं उंदरांनीही केलं नसेल.

निरीक्षक म्हणजे वजनमाप खात्यातले. दुकानदारांचे तराजू तपासण्यात हयात गेलेली, त्यामुळे काटा सांगेल ते खरं, माणूस सांगेल ते खोटं (बायको माणसांतच धरलेली). गाडी जुनी, कार्बोरेटरवाली. तिच्या धुराच्या नळीत त्यांनी कालच स्वहस्ते ऑक्सिजन सेन्सर आणि आत त्याचा मीटर बसवला होता. धुरात ऑक्सिजन उरला की आकडा खाली येतो. मग आकडा पॉइंट पाचपर्यंत चढेस्तोवर स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवायचं. झालं!

"अहो, आज हात लावू नका," बायको म्हणाली. "सोमवारी गावाबाहेरच्या लॅबमध्ये रुजू व्हायचंय मला. तिथे बस जात नाही. आज नापास झाले तर नोकरी गेली!"

"म्हणूनच करतोय! तू आत बसून फक्त आकडा वाच."

"पॉइंट एक."

त्यांनी पेट्रोल वाढवलं. "आता?"

"पॉइंट एक."

आणखी वाढवलं. "आता?"

"पॉइंट एकच!"

"नीट वाच!"

"वाचता येतं मला! आणि पेट्रोलचा केवढा वास सुटलाय!"

"वासाला आकडा नसतो!" निरीक्षक खेकसले.

सायलेन्सरमधून काळाकुट्ट धूर निघाला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी वाळत घातलेले कपडे ओढून घेतले आणि खिडकी धाडकन लावली. शेवटी शेजारचा मेकॅनिक कामावर निघताना थांबला आणि गाडीखाली डोकावला.

"साहेब, सेन्सरच्या अलीकडचा जोड सैल राहिलाय. बाहेरची हवा नळीत शिरतेय. तुम्ही तीच मोजताय!"

म्हणजे गेले दोन तास निरीक्षक गल्लीची हवा तपासत होते. जोड घट्ट झाला, पण स्क्रू पूर्वी कुठे होता? किती आटे फिरवले ते मोजलंच नव्हतं. वजनमाप खात्याच्या निरीक्षकांनी! बायकोला इतका संताप आला, की तिने त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर हिसकावून घेतला. परीक्षेच्या मैदानापर्यंत तो मांडीवर ठेवूनच तिने गाडी चालवली. निरीक्षकांना त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

परीक्षेतल्या चढावर, पेट्रोल जास्त झाल्याने, गाडी बंद पडली ती पडलीच. स्टार्टर नुसता कण्हत राहिला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ते पुसून काच खाली केली.

"उतारावरून मागे घेते," ती शेजारी बसून परीक्षा घेणाऱ्या लायसन्सवाल्या साहेबांना म्हणाली, आणि खालच्या सपाटीवर येताच तिथे उभ्या नवऱ्यावर ओरडली, "ढकला!"

निरीक्षकांनी ढकललं. तिने नेमक्या क्षणी क्लच सोडला, गाडीने गचका खाल्ला, निरीक्षकांच्या तोंडावर धुराचा लोट सोडला आणि चढ पार करून गेली.

"क्लचवर हात... म्हणजे पाय चांगला बसलाय," साहेब कागदावर सही करत म्हणाले. "पास. पण हा ढकलणारा माणूस रोज मिळेल ना?"

बायकोने आरशातून मागे पाहिलं. निरीक्षक तोंड पुसत धावत येत होते.

"मिळेल की," ती म्हणाली. "यापुढे या गाडीला त्यांनी हात लावायचा तो फक्त मागूनच."