आठजणांच्या खोलीतले भाई नागवेकर

आमचे शेजारी भाई नागवेकर घरात एकटे राहतात, आणि त्यांच्या फ्रीजमधल्या प्रत्येक डब्यावर त्यांचं स्वतःचं नाव लिहिलेलं असतं. बांगड्याच्या तिखल्यावर ‘भाई, मंगळवार’. सोलकढीच्या बाटलीवर ‘भाई, बुधवार, दुसऱ्यांनी घेतली तरी चालेल’. हे दुसरे कोण, असं मी एकदा विचारलं. भाई म्हणाले, “मास्तर, नियम म्हंजे नियम. माणसं किती हायत ते बघून नियम बदलत नाय.”

हा नियम रत्नागिरीचा नव्हे. परदेशातल्या हॉस्टेलांचा आहे. हॉस्टेल म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह नव्हे, तर पाठीला सॅक लावून स्वस्तात जग हिंडणारी तरणी मंडळी उतरतात ती जागा. एका खोलीत आठ खाटा, त्याही एकावर एक. न्हाणीघर समाईक, स्वयंपाकघर समाईक, फ्रीज समाईक. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, गुडघ्याला पट्टा बांधणारे, पासष्टी ओलांडलेले भाई दर वर्षी असल्या ठिकाणी जाऊन राहतात. नेपाळ झालं, श्रीलंका झाली, थायलंड झालं.

भाईंना हॉटेल परवडत नाही, यावर आमच्या शिरगावात कोणाचाही विश्वास नाही. पेन्शन आहे, हापूसची कलमं आहेत, मुलगी बंगळूरला चांगली कमावते. तिने दोनदा परस्पर चांगल्या हॉटेलात खोली ठरवली, भाईंनी दोन्ही वेळा ती रद्द करून आठजणांच्या खोलीत खाट घेतली. तेव्हापासून ‘चिकटपणात भाईंचा हात धरणारा कोणी नाही’ असा निकाल गावाने दिला. वहिनी होत्या तोवर हा माणूस चिपळूणपलीकडे गेला नव्हता. आता जातो, पण खोली आठजणांचीच. बाकी कशालाही भाई मान डोलावतील, इथे मात्र कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

शिष्टाचारात मात्र भाईंइतका चोख माणूस मिळायचा नाही. “आपण पावणे, मास्तर,” हे त्यांचं पालुपद. पाहुण्याने गजर एकदाच वाजू द्यावा. ओला टॉवेल दुसऱ्याच्या खाटेवर टाकू नये. सामान आदल्या संध्याकाळी भरावं. आणि पहाटे प्लॅस्टिकच्या पिशवीची चुरचुर करणाऱ्याला तर त्यांच्या मते नरकातही वरची खाट मिळत नाही. एकदा आमच्या हिने सकाळी त्यांना पिशवीतून भाजी दिली, तर त्यांनी पिशवी हळूच तिच्या हातातून घेतली आणि अंगणात लांब जाऊन उघडली.

याच शिष्टाचाराने लांज्यात आग लावली. तिथे भाईंच्या चुलतभावाकडे सत्यनारायण होता. भाई मुक्कामाला राहिले. सकाळी घर उठायच्या आत त्यांनी आपली चादर आणि उशीचा अभ्रा काढून, घडी घालून दाराशी ठेवला, चहाचा कप स्वतः विसळला आणि कोणाची झोपमोड नको म्हणून चपला हातात घेऊन घराबाहेर पडले. हॉस्टेलात अशा माणसाला लोक दुवा देतात. लांज्यात भावजयीने डोळ्यांना पदर लावला. दुपारपर्यंत सगळ्या भावकीत झालं की भाई रागावून गेले. पंगतीत त्यांना दुसऱ्यांदा शिरा वाढला नाही, इथपर्यंत संशोधन गेलं. शेवटी मी त्यांना स्कूटरवर घालून लांज्याला नेलं.

“वैनी, ही जगाची रीत हाय,” भाई समजावू लागले.

“मग जगाकडेच जावा,” ती म्हणाली. “माझ्या घरात पुन्यांदा कपाला हात लावलात तर बघा!” आणि तिने त्यांच्यापुढे परातीएवढ्या ताटलीत शिरा ठेवला.

गेल्या मेच्या सुट्टीत भाई व्हिएतनामला निघाले. आमची ही माहेरी जाणार होती. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, त्यामुळे इंग्रजी बोलण्याचा प्रसंग कधी आलेला नाही. तो एकदा यावा म्हणून मीही निघालो. मला मऊ गादी लागते, कमोड लागतो आणि झोपेत कोणी शिंकलेलं खपत नाही. हे मी भाईंना आधीच सांगितलं होतं. “सवय होईल,” ते म्हणाले.

मला झाली नाही. भाई मात्र पहिल्या हॉस्टेलात शिरले ते लग्नघरात मामा शिरावा तसे. तिथले नियम ते तंतोतंत पाळत, आणि त्यावर आपले कोकणातले चढवत. कोणी एकट्याने जेवलेलं त्यांना बघवत नसे. एक स्पॅनिश गृहस्थ आपल्यापुरत्या शेवया उकडत होता. भाईंनी “अलोन ईटिंग, नो गुड!” म्हणत पाच ताटल्या मांडल्या. स्पॅनिश माणसाच्या वाट्याला चार शेवया आल्या, पण संध्याकाळी तो स्वतःहून मोठं पातेलं घेऊन आला. भाईंनी सगळ्यांना आंबापोळीही वाटली. एका कॅनडावाल्याने ती पासपोर्टात जपून ठेवली होती. खायची असते हे कळल्यावर बिचाऱ्याने काढून खाल्ली.

आणि निरोप! तिथे लोक जाताना नुसता हात हलवतात, कधी तोही नाही. भाई प्रत्येकाला कोपऱ्यापर्यंत पोचवायला जात. हॉलंडची एक नर्स सकाळच्या बसने निघाली, तर तिची बॅग यांच्या हातात. बस वळणाआड होईपर्यंत हे रस्त्यात उभे. “फोन मदर,” त्यांनी तिला दोनदा बजावलं. तिची आई वारलेली होती. ती म्हणाली, “आय विल फोन माय सिस्टर,” आणि तिने भाईंना मिठी मारली. भाई पाच मिनिटं ताठ उभे होते.

अशी सगळी मजा चालली असताना आम्ही होई आन नावाच्या गावी पोचलो. नदीकाठचं छोटं गाव, आणि एका कुटुंबाने आपल्याच घरात चालवलेलं हॉस्टेल. काउंटरवरच्या मुलीने भाईंचा पासपोर्ट उघडला, जन्मसाल पाहिलं आणि ती आत पळाली. आतून तिची आई आली. हीच मालकीण. तिने भाईंना वाकून नमस्कार केला आणि मुलीमार्फत सांगितलं की आजोबांच्या वयाच्या माणसाला आम्ही खाटेची शिडी चढायला लावत नाही. त्यांना माडीवरची स्वतंत्र खोली. जादा पैसे नकोत.

खोली पाहून माझा जीव जळला. गादी मऊ. गॅलरीतून नदी. पलंगावर टॉवेलाचा हंस करून ठेवलेला. आणि भाईंचा चेहरा मात्र, घरात कोणी आजारी असल्याची तार आल्यासारखा.

“नको म्हणून सांगा ना,” मी म्हटलं.

“कसं सांगू? आपण पावणे. यजमानाने मानाने दिलेलं पावण्यान् नाकारायचं?”

स्वतःच्याच नियमात असा अडकलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी आठजणांच्या खोलीत, माझ्या वर झोपलेला पोलंडचा पैलवान प्रत्येक कूस बदलताना खाट मोडायची तयारी करतोय, आणि भाई माडीवर हंसासोबत. सकाळी त्यांचे डोळे तांबारलेले. दुसऱ्या सकाळी जास्त. तिसऱ्या दिवशी न्याहारीला त्यांनी चहात मीठ घातलं आणि तो पिऊन टाकला. मग म्हणाले, “मास्तर, मी परत जाऊ म्हणतो. तुम्ही पुढचं बघून या.”

मी घाबरलो. त्यांना नदीकाठच्या बाकावर नेऊन बसवलं आणि म्हटलं, “काय होतंय ते स्पष्ट सांगा. छाती दुखतेय का?”

भाईंनी गुडघ्याचा पट्टा सैल केला.

“छाती नाय हो,” ते म्हणाले. “झोप नाय. ही गेल्यापासून घरात मला झोप नाय. खोल्या हायत चार. रातीला कूस बदललेली ऐकू येत नाय, खोकला नाय, बांगडीचा आवाज नाय. गोळ्या घेऊन झाल्या. बंगळूरला पोरीकडे जाऊन आलो, तिथं पण स्वतंत्र खोली, एसी लावून, दार बंद. मग एकदा नेपाळात आठजणांच्या खोलीत पडलो. कोण घोरतंय, कोण झोपेत बोलतंय. सकाळीच डोळे उघडले.” ते थोडं हसले. “लोकांना वाटतं भाई देश बघायला जातो. मी झोपायला जातो, मास्तर.”

शेजारी राहून मी त्यांच्या घरातला दिवा उशिरापर्यंत जळताना कितीदा पाहिला होता. भाई वाचत असतील, असंच मला वाटायचं. फार वाईट वाटलं मला.

भाई नाही म्हणणार नव्हते, म्हणून मीच मालकिणीकडे गेलो. आयुष्यभर शिकवलेलं इंग्रजी त्या दिवशी पहिल्यांदा बोललो. मुलीला म्हटलं, आईला सांग, खोली फार सुंदर आहे, पण या आजोबांची बायको वारली आहे. त्यांना एकट्याने झोप लागत नाही.

मुलीने सांगितलं. मालकिणीने कपाळाला हात लावला. मग ती भराभरा बोलू लागली, आवाज चढला, मुलगी ओरडा खाल्ल्यासारखी उभी राहिली. मला वाटलं, लांजा झालं! पण मुलगी म्हणाली, “ती विचारते, हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत? बायको गेलेल्या माणसाला एकटं तर आमच्यातही झोपवत नाहीत.”

आठजणांची खोली तिने दिलीच नाही. खाली मधल्या घरात तिचे म्हातारे वडील, ती, तिचा नवरा आणि मुलगी असे सगळे चटया टाकून झोपत. तिथे वडिलांशेजारी तिने आणखी एक चटई टाकली. भाईंचा हात धरून त्यांना ती दाखवली. यजमानाने मानाने दिलेलं होतं. भाई निमूटपणे उशी घेऊन खाली आले.

माडीवरची खोली मला मिळाली. झोप उत्तम लागली, खोटं कशाला सांगू?

सकाळी आम्हाला बेटांकडे जाणारी होडी गाठायची होती. मी तयार होऊन खाली उतरलो. ऊन पार मधल्या घरात आलं होतं. इतरांच्या चटया उचललेल्या होत्या. मधोमध भाई आणि मालकिणीचे वडील, दोघंही उताणे, आळीपाळीने घोरत होते. सॅकवाली पोरं पायातले बूट हातात घेऊन त्यांना वळसा घालत होती. मालकीण ओट्याशी उभी होती. येणाऱ्या प्रत्येकाला ती ओठांवर बोट ठेवून दाखवत होती. मलाही दाखवलं.

मी पायरीवर जाऊन बसलो. तिने मला कॉफी आणून दिली. समोर नदीत आमच्या होडीने भोंगा दिला, पुन्हा दिला, आणि ती निघाली. मी तिला जाऊ दिलं.