साळूबाईचं कुंपण आणि करकोचेसाहेबांची पाहणी

एका जंगलात, बाळांनो, लढाई जुंपली होती. टेकडीवर एक सपाट दगड होता. त्यावर बसून ऊन कुणी खायचं, लांडग्यांनी की रानकुत्र्यांनी, एवढंच भांडण. सात वर्षं चाललं होतं. दगड तिथंच होता. ऊनही रोज येत होतं. बसायला मात्र कुणाला सवड नव्हती.

लढणारे सगळे नर. डोहावरून भोपळ्यात पाणी भरून आणणाऱ्या सगळ्या माद्या. डोहाची वाट दोन्ही फौजांच्या मधून जायची. तिथं दोन्हीकडचे शूरवीर दबा धरून बसत आणि एकट्यादुकट्या मादीच्या अंगावर जात. तेवढ्या एका कामात त्यांची एकी होती. चितळांची थोरली लेक एकदा पाण्याला गेली, परत आली, आणि त्या दिवसापासून बोलायचीच बंद झाली.

त्या जंगलात साळूबाई नावाची साळिंदर राहायची. नवरा लढाईत गेलेला, तोंड फटकळ. तिच्या गुडघ्यांनी आता संप पुकारला होता. येत्या सोमवारपासून पाण्याला तिच्या लेकीला, काटकीला, जावं लागणार होतं. साळूबाई बोटांवर दिवस मोजत होती.

अशात नदीपलीकडून करकोचेसाहेब उडत आले. गळ्यात ओळखपत्र, काखेत झेंडा. ‘मादी-नेतृत्व व अत्याचार-निवारण कार्यक्रमा’चे ते व्यवस्थापक. असे कार्यक्रम ते पाच भांडखोर जंगलांत चालवत. म्हणून तर उभे राहताना एकच पाय टेकत. दुसरा पुढच्या जंगलासाठी उचललेला.

“बोला ताई, तुमची गरज काय?”

“वाटेच्या दोन्ही अंगांना काटेरी कुंपण,” साळूबाई म्हणाली. “बोरीबाभळी आहेत, आमचे काटे आहेत. तुम्ही नुसता तो झेंडा लावा. झेंडा दिसला की ते मेले लांब राहतात. तेवढ्यात आम्ही कुंपण घालतो.”

“वा! पण आधी पायाभूत पाहणी.”

“ती काय असते?”

“कुंपणाआधी हल्ले किती, ते मोजायचं. कुंपणानंतर किती, ते मोजायचं. फरक दिसला की कार्यक्रम यशस्वी.”

“मग लिहून घ्या की. मी सांगते.”

“ऐकीव चालत नाही, ताई. डोळ्यांदेखत घडलेलं लागतं. मोजणीदार पुढच्या महिन्यात येतील. तोवर चाललंय तसंच चालू द्या.”

“चाललंय तसंच?”

“अगदी तसंच. नाहीतर आकडा बिघडतो.” साहेब गोड हसले. “दरम्यान तुमच्यासाठी नेतृत्वाचा वर्ग ठेवलाय. तीन दिवस. निर्णय कसा घ्यायचा, ते शिकवू.”

साळूबाईनं तिथल्या तिथं निर्णय घेतला. त्यामुळे वर्गाला ती तिन्ही दिवस गैरहजर.

वर्ग भरला डोहाजवळच्या जांभळीखाली. साहेबांनी झेंडा लावला. तो पाहून दोन्ही फौजा मागं सरकल्या. साळूबाईनं वर्गातल्या एकेकीला खुणेनं उठवलं. चितळी, रानडुकरिणी, माकडिणी, सगळ्या कुंपणाला भिडल्या. वर्गात उरली एकटी घोरपड. ती एकदा बसली की बसली. साहेब तिलाच तीन दिवस निर्णय शिकवत होते. तिसऱ्या दिवशी ती घोरायला लागली, तर साहेबांना वाटलं, चिंतन करतेय.

सोमवारी काटकी भोपळा घेऊन गेली आणि गाणं म्हणत परत आली.

पंधरा दिवसांनी साहेब धापा टाकत आले. “हे काय करून ठेवलंत? मोजणीदार आले की मी दाखवू काय? इथं तर काहीच होत नाही!”

“हो ना,” साळूबाई म्हणाली. “काहीच होत नाही.”

“एक आठवडा कुंपण काढा, ताई. आकडा मिळाला की परत घालून द्यायला मी एका पायावर तयार आहे.”

“आणि त्या आठवड्यात पाण्याला कोण जाणार?”

साहेबांनी यादी पाहिली. “ही काटकी. नव्यानंच जायला लागलीय. नमुना म्हणून उत्तम.”

साळूबाईच्या अंगावरचे सगळे काटे ताठ झाले. आवाज मात्र लोण्यासारखा.

“साहेब, कुंपण कशाला मोडता? कुंपणाच्या बाहेरून चालत जाता येतंच. तुम्हीच भोपळा घ्या आणि निघा. डोळ्यांदेखत लागतं ना? मग डोळे तुमचेच बरे.”

“अहो, पण मी नर आहे!”

“ते लांबून तेवढं बघत बसत नाहीत. भोपळा दिसला की पुरे. आणि झेंडा इथंच राहू द्या हं. उगाच आकडा बिघडेल.”

माद्या सगळ्या बघत उभ्या. नाही कसं म्हणणार? साहेब गेले.

आले ते सरपटत आले. पंखांची पिसं दोन्ही बाजूंनी उपटलेली. साळूबाईनं जखमेवर पाला बांधला, पाणी पाजलं आणि विचारलं, “मोजलंत?”

साहेबांनी अहवाल लिहिला. ‘कुंपणाआधी हल्ले: एक. कुंपणानंतर: भोपळा. घट: शंभर टक्के.’ वरिष्ठ बेहद्द खूश झाले. त्यांनी साहेबांना सहावं जंगल दिलं. उत्तम नेतृत्वाचं प्रमाणपत्र पूर्ण हजेरीबद्दल घोरपडीला मिळालं. साळूबाईच्या नावापुढं शेरा पडला: ‘नेतृत्वगुण नाहीत. एका जागी बसत नाही.’

काटकीनं तो वाचून दाखवला. मायलेकी पोट धरधरून हसल्या.

तात्पर्य: बाळांनो, संकट आलं की ते घाईघाईनं निवारू नये. आधी ते नीट मोजू द्यावं, म्हणजे मोजणाऱ्याचं भलं होतं. मोजणारा फारच अडून बसला, तर त्याला एकदा पाण्याला धाडावं.