शिवप्पांच्या उंबऱ्यावरचं पीठ

पाडव्याच्या सकाळी शिवप्पांचा दूधवाला त्यांना खिडकीतून दूध द्यायचा. दार बंद असायचं म्हणून नव्हे. दार सताड उघडं असायचं, वर आंब्याचं तोरण, बाजूला गुढी. पण त्या उघड्या दारातून आत शिरायची कुणाची टाप नव्हती. चुकून एखाद्याचा पाय उंबऱ्याकडे वळला की आतून शिवप्पा ओरडायचे, "अय्यय्यो, थांबा तितंच! वर्ष नासवताय व्हय माजं?"

शिवप्पा म्हणजे आमच्या गल्लीतले पिठाच्या गिरणीचे मालक, चालक आणि हमालही तेच. पन्नाशी उलटलेली, अक्कलकोटकडचा माणूस, बोलणं अर्धं कानडी वळणाचं. बायको फार लवकर गेली, मूलबाळ नाही. गिरणीला लागूनच त्यांची खोली. मी तेव्हा पोस्टात खिडकीवर तिकिटं विकायचो आणि त्यांच्या समोर भाड्यानं राहायचो. शिवप्पा मला पहिल्या दिवसापासून 'पोस्टमास्तर' म्हणत. ही बढती खात्यानं मला पुढं कधीच दिली नाही.

नव्या वर्षात घरात पहिलं पाऊल ज्याचं पडेल, त्याच्या पायगुणानं वर्ष जातं, अशी शिवप्पांची ठाम समजूत. पायगुण काय, गल्लीत सगळेच मानायचे. पण बाकीचे लोक ते नशिबावर सोडून देत. शिवप्पा निवड करत. होळी झाली की ही निवड सुरू. दळणाचे डबे रांगेत लागलेले असायचे आणि शिवप्पा डब्यांकडे न बघता डबेवाल्यांच्या पायांकडे बघत बसायचे. "तोंड काय, कसलंबी करता येतं. पाय खोटं बोलत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. फाटलेली टाच चालायची, पाय घासत चालणारा माणूस चालायचा नाही.

निवडलेल्या माणसानं पाडव्याला अंघोळ करून यायचं. शिवप्पा तांब्यानं त्याचे पाय धुणार. उंबऱ्याच्या आत त्यांनी गिरणीच्या झाडलोटीचं पीठ चाळून पातळ पसरलेलं असायचं. त्यात उजवा पाय ठेवायचा. मग कडुनिंब-गूळ, मग पुरणपोळी आणि वाटीभर तूप. पाहुणा जेवत असताना शिवप्पा मात्र उंबऱ्यापाशी उकिडवे बसून पिठातला ठसा न्याहाळत असायचे. "टाच खोल गेलीय की हो. जड जाणार वर्ष." पोळीचा घास तिथंच अडकायचा.

एका वर्षी तो मान मला मिळाला. पोळ्या उत्तम होत्या. पण त्या वर्षी गिरणीत विंचू निघाले. एक नाही, सारखे निघत राहिले. पुढचा पाडवा जवळ आला तेव्हा शिवप्पांनी भर गिरणीत, पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून निकाल दिला, "पोस्टमास्तर माणूस लई चांगला. पाय इंचवाचा!" त्यानंतर बरेच दिवस बायका मला बघून लुगडं सावरत खाली बघून चालायच्या.

मग तो मोठा दुष्काळ आला. गिरणीत ज्वारी येईना, रेशनचा तांबडा मिलो, अमेरिकेहून आलेलं धान्य, यायला लागला. दळताना त्याचा वासही नको वाटायचा. आमच्या गल्लीच्या टोकाला बिराजदारांचं घर होतं. त्यांच्या थोरल्याचं लग्न आदल्या उन्हाळ्यात झालेलं. सून सांगोल्याकडची, सुमन नावाची, अंगानं किडकिडीत, बोलायला कमी. ती घरात आली आणि पाऊस गेला. सासऱ्याचा सायकलवरून पडून पाय मोडला. नवऱ्याच्या मागावरचं काम सुटलं. एवढं झाल्यावर सासू गंगूबाईंना कारण शोधत लांब जावं लागलं नाही.

"पांढऱ्या पायाची हाय," गंगूबाई गिरणीत सगळ्यांदेखत सांगायच्या. सुमन डबा घेऊन शेजारीच उभी असायची. "पाडवा झाला की घालवते म्हायेरी. आन् परत आणायची न्हाई. पोराचं दुसरं बघू."

शिवप्पा पीठ भरत होते. हात थांबला नाही. डबा भरला, झाकण लावलं, मग मोटरच बंद केली. गिरणी एकदम शांत झाली तशा सगळ्या बायका त्यांच्याकडे बघायला लागल्या.

"गंगव्वा, यंदा पाडव्याला तुमची सून पाठवा. पहिलं पाऊल तिचं."

"कुणाचं?" गंगूबाई म्हणाल्या.

"सुमनचं. होळीपासनं बघतोय मी. असला पाय गल्लीत न्हाई."

"आवो शिवप्पा, पांढऱ्या पायाची हाय ती! सांगितलं की आत्ता!"

शिवप्पांनी धोतर जरा वर घेतलं. घोट्यापर्यंत पिठानं माखलेले दोन पाय त्यांनी पुढं केले. "हे बघा पांढरे पाय. ह्या पायांनी गल्ली जेवती."

बायका हसल्या. गंगूबाईंनाही हसू आवरेना, आणि तिथंच त्या फसल्या. पाडव्याचा मान घराण्याला आलेला, नाही कसं म्हणणार?

पाडव्याला सगळी गल्ली जमली. सुमन हिरवं लुगडं नेसून आली. शिवप्पांनी पाय धुतले. मुलगी उंबऱ्यापाशी उभी राहिली ती राहिलीच. पाय उचलेना.

"काका, नको," ती हळूच म्हणाली. "तुमचं काय वाईट झालं तर?"

"माजं काय व्हायचं राहिलंय, बाई?" शिवप्पा म्हणाले. "ठेव की."

तिनं पाय ठेवला. शिवप्पांनी ठसा बघितला, इकडून बघितला, तिकडून बघितला, आणि गंगूबाईंना ऐकू जाईल असं ओरडले, "लक्ष्मीचा हाय हो! हौदू, व्हय, लक्ष्मीचाच!"

त्या वर्षी पाऊस आला. तो सगळ्या जिल्ह्यात आला, पण शिवप्पांनी तो सुमनच्या नावावर लावला. सासरा काठी टाकून चालायला लागला, तोही तिच्याच नावावर. गिरणीत दळण टाकायला आलेल्या माणसाला ही यादी ऐकल्याशिवाय पीठ मिळत नसे.

मी समोरच राहत असल्यामुळे दुसरी बाजू मला दिसत होती. श्रावणात गिरणीची मोटर जळाली. "जळाली कुटं? मीच काडली. आवाज लई करत हुती," शिवप्पा म्हणाले. पुढं चोरानं खोलीतली तांब्याची घागर आणि पितळी परात नेली. "एकट्याला कशाला हवीत एवढी भांडी?" तापानं अंथरुणाला खिळले तर म्हणे विश्रांती घेतोय. माझ्या वर्षात नुसते विंचू निघाले होते, तर माझा पाय त्यांनी गल्लीभर केला होता.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती. शिवप्पा गिरणीच्या दगडाला टाकी लावत बसले होते. दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं ठोकून पुन्हा खरबरीत करावा लागतो. कपची उडाली ती थेट डाव्या डोळ्यात. मी त्यांना रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बघितलं आणि मान हलवली. डोळा गेला होता.

परत येताना शिवप्पांनी डोळ्यावर रुमाल धरला होता. मग म्हणाले, "पोस्टमास्तर, पाडव्यापातूर कुणाला बोलू नका."

"अहो, डोळा गेलाय तुमचा!"

"म्हनूनच." ते एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काळा चष्मा लावला. म्हातारपणी शिवप्पांना हिरो व्हायचंय, असं गल्ली म्हणायला लागली. तेही मिशीवरून हात फिरवून दाखवायचे. पीठ डब्याच्या बाहेर सांडायचं ते मात्र मला दिसायचं. गंगूबाई तोवर पार बदलल्या होत्या. कुणाकडे बारसं असो, नवी शिलाई मशीन येवो, त्या सुनेला पुढं घालून न्यायच्या. "आमच्या सुमीचा पाय लागू दे आधी," असं वर म्हणायच्या.

पाडवा आला. या वेळी शिवप्पांनी कुणाचीच निवड जाहीर केली नव्हती. मी उजाडताच माझ्या दारात येऊन उभा राहिलो. शिवप्पा बाहेर आले, ओसरीवर बसून त्यांनी स्वतःच स्वतःचे पाय धुतले. भिंतीला हात लावून अंतराचा अंदाज घेतला आणि उजवा पाय उंबऱ्याच्या आत, पिठात ठेवला.

मी धावत गेलो. "हे काय? पहिलं पाऊल तुमचंच?"

"व्हय की. आता डोळ्याचं सांगायला मोकळा झालो. आटवड्यानं सांगतो, आत्ताच लागलं म्हनून. पोरीच्या वर्षावर डाग नको."

"पण मग लोक तुमच्याच पायाला नावं ठेवतील."

"ठेवू द्यात की," शिवप्पा हसले. "मला कोन म्हायेरी धाडनार हाय?"

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. आतून पुरणाचा वास येत होता. मी निघायला वळलो तसे ते घाईघाईनं म्हणाले, "थांबा हो. पोळ्या केल्यात. यंदा पाव्हना न्हाई, जेवायला कुनी तरी बसा."

मी चपला काढल्या.