जेवणाच्या टेबलावरील सिलिंडर समिती

कुठलीही वस्तू वळवण्याआधी तिला किती जोर लागेल, हे ठरवावं लागतं. ते न ठरवता लोक सर्रास मान वळवतात, ही खेदाची बाब आहे.

आमच्या दादाच्या घरी असा हलगर्जीपणा चालत नाही. दादा दातांचा डॉक्टर. फावल्या वेळात तो खडकांवर चढणारी खेळण्यातली गाडी बनवतो; लांबी हातभर, चाकं बशीएवढी. पुढची चाकं वळवायला त्याने हायड्रॉलिक सिलिंडर योजला, म्हणजे तेलाच्या दाबाने दांडा आत-बाहेर करणारी नळी. तिचं माप ठरवायला समिती नेमली: दादा, शेजारचे निवृत्त धरण-अभियंते आणि इतिवृत्तापुरता मी. कार्यालय, जेवणाचं टेबल. घरचे तूर्त ताटं मांडीवर घेऊन जेवतात (संशोधनात एवढं चालायचंच).

"रविवारी माझी आई येणारे," वहिनी म्हणाल्या. "तिचे गुडघे धरलेत, खाली बसता येत नाही. तोवर मला टेबल मोकळं पाहिजे."

"आजच ठरतंय, वहिनी," अभियंते म्हणाले. ते धरणाबद्दलही असंच म्हणत.

बारीक नळीने चाक खडकाला अडलं की वळेना. जाड घेतली. जोर आला, पण चिमुकला पंप ती भरेपर्यंत वळणच मागे पडे. म्हणून पंप मोठा. पंपाला बॅटरी मोठी. बॅटरीने गाडी जड, जड गाडीची चाकं वळेनात, म्हणून नळी आणखी जाड. शिवाय दांड्याच्या बाजूला तेलाला जागा कमी. त्यामुळे गाडी डावीकडे झटकन वळे आणि उजवीकडे वळायला दिवस घेई. 'शक्यतो डावीकडेच जावे', ही अभियंत्यांची शिफारस एकमताने मंजूर झाली.

"अहो, पण खेळण्यातल्या गाडीला तेल हवंय कशाला? साधी मोटर वळवते की चाकं!" वहिनी म्हणाल्या.

"तू विषय भरकटवू नकोस," दादा म्हणाला. प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्याने नोंदला गेला नाही.

शनिवारी बॅटरी गाडीत मावेना. सांगाड्याला मजबूत, सपाट, चार पायांची वस्तू हवी होती. समितीने इकडेतिकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

रविवारी वहिनींच्या आई आल्या. टेबल शब्द दिल्याप्रमाणे मोकळं होतं. ताटं मांडली, आणि दादाने कौतुकाने बटण दाबलं. टेबल डावीकडे निघालं. आई ताटामागून चालत जेवू लागल्या (गुडघे मोकळे झाले, हा जादा लाभ).

"वळतं छान हो जावईबापू," दोन घासांमध्ये त्या म्हणाल्या. "थांबतं कुठे?"

थांबणं समितीच्या कक्षेत येत नव्हतं. टेबल दारातून बाहेर पडलं, उतारावर डावीकडे वळलं आणि भाजीसकट दिसेनासं झालं.

वहिनी माहेरी गेल्या आहेत. तिथे टेबल आहे. समितीचं काम मात्र टेबलाअभावी खोळंबलं असून नव्या कार्यालयाचा शोध सुरू आहे. अट एकच: खेळण्याला तेल कशाला, असं विचारणारं घरात कुणी नको. वहिनींनी विचारेपर्यंत तो प्रश्न तुम्हालाही पडला नव्हता. उलट, दांड्याच्या बाजूला जागा कमी म्हटल्यावर तुम्ही मान डोलावलीत.

पुढची बैठक तुमच्याकडे. टेबल पुसून ठेवा.