मौजे नॉर्वे

डोणगावच्या भगवंतराव नरवाड्यांनी सहकुटुंब नॉर्वेला जायचे ठरवले, यात सरकारला हरकत घेण्यासारखे काही नव्हते. त्या साली कपाशीने चांगला हात दिला होता. मुंबईहून आलेली काळी मोटार त्यांनी मलकापूरच्या स्टेशनावर स्वतः उभे राहून मालडब्यातून उतरवून घेतली होती. आणि बीबीचे किसनराव मोटारीने रामेश्वर करून आल्यापासून भगवंतरावांना जेवण गोड लागत नव्हते. किसनरावांनी सोबत ड्रायव्हर नेला होता. ड्रायव्हर ठेवणारा मालक हा मोटारीतला नुसता बोजा असतो, असे भगवंतरावांचे स्पष्ट मत होते. आपण जायचे ते रामेश्वराच्या पलीकडे, आणि चाक आपल्या हातात ठेवून.

रामेश्वराच्या पलीकडे काय आहे, ते त्यांच्या मुलीला, शालूला माहीत होते. ती बुलढाण्याला इंग्रजी शाळेत होती आणि सुटीत भूगोल घेऊन आली होती.

"बाबा, नॉर्वे म्हणून देश हाय. उन्हाळ्यात तिथं सूर्य मावळतच नाही. अर्ध्या रातीबी ऊन!"

हे ऐकताच भगवंतरावांची आई, मनकर्णाबाई, जपमाळ थांबवून पुढे सरकल्या. चातुर्मासात दिवस मावळल्यावर त्या अन्नाला शिवत नसत.

"मंग तिथं मले कवाबी जेवता येईन काय व?"

"हाव आजी. दिवसच मावळत नाही त."

"लय देवाचा मुलूख दिसते," मनकर्णाबाई म्हणाल्या. मग त्यांना शंका आली. "पन चतुर्थीले चंद्र निंगते का नाही तिथं?"

शालूने पाने उलटली. चंद्राबद्दल भूगोलात काही नव्हते.

"त मंग चतुर्थीच्या आंधी वापस या लागन," मनकर्णाबाईंनी निकाल दिला, आणि घरातली पहिली मंजुरी मिळाली.

दुसरी मंजुरी झुंबरबाईंची. भगवंतरावांच्या लग्नाला इतकी वर्षे झाली होती, पण त्यांनी बायकोला कधी काही विचारल्याचे दोघांनाही आठवत नव्हते. या वेळी विचारले. झुंबरबाईंनी एकच अट घातली.

"मी पुढं बसीन. तुमच्या बाजूले."

डोणगावात बायका मोटारीत मागे बसत, तेही पडदा लावून. भगवंतराव दचकले.

"अवं, लोक काय म्हन्तीन?"

"इथं नाही म्हन्त मी. नारवेत. तिथं मले कोन वळखते?"

अट मान्य झाली. तयारी सुरू झाली. मोटार वाड्याच्या अंगणात उभी करून भर वैशाखात चौघे जण घोंगड्या पांघरून तिच्यात बसू लागले. थंडीची सवय व्हायला हवी होती. टपावर शेगडी, कुरड्यांचा डबा आणि लोणच्याची बरणी दोराने आवळून पाहिली गेली. भगवंतराव जागच्या जागी चाक फिरवत आणि भोंगा वाजवत. गल्लीतली माणसे कुंपणाशी उभी राहून विचारत, "कुठलोक आले?" आणि आतून घामाने निथळत भगवंतराव सांगत, "समुद्र लागला."

उरला होता फक्त पासपोर्ट.

जिल्ह्याच्या कचेरीत हेडक्लार्क मोतीराम यांनी अर्ज आदराने घेतला, चष्मा पुसला आणि पहिल्याच रकान्यावर बोट ठेवले.

"मौजे नॉर्वे. तालुका लेहला नाही तुमी."

"तो देश हाय, मोतीरामजी."

"देश असन ना बाप्पा. पन कोन्या तालुक्यात?"

तो रकाना तात्पुरता कोरा सोडण्याची सवलत मोतीराम यांनी स्वतःच्या अखत्यारीत दिली. पुढचा रकाना कठीण होता.

"तुमी रयत कोनाची?"

"मंजे काय? सारा त मी तुमच्याकडंच भरतो."

"कारभार इथला, ते बरोबर. पन वऱ्हाडाची मालकी कागदावर हैदराबादची हाय. मंग तुमी इथले का तिथले?"

भगवंतराव आयुष्यात प्रथमच गांगरले. आपण डोणगावचे आहोत, एवढेच त्यांना आजवर ठाऊक होते. अखेर मोतीराम यांनी 'कागदोपत्री तिकडचा, प्रत्यक्षात इकडचा' असे लिहून तोही रकाना भरला आणि अर्ज वाचता वाचता एकाएकी उभे राहिले.

"मोटार स्वतः हाकनार?"

"अलबत."

"तिकडं मोटारी रस्त्याच्या उजव्या बाजूनं हाकतात. तुमचं लायसन डाव्या बाजूचं हाय. उजवीकडून हाकता येते, असा दाखला पाह्यजे."

"मंग द्या दाखला."

"परीक्षा घेतल्याबिगर कसा देऊ?"

"मंग घ्या परीक्षा."

"उजवीकडून हाकनं हा गुन्हा हाय, भगवंतराव," मोतीराम खेदाने म्हणाले. "सरकार गुन्ह्याची परीक्षा घेत नसते. पन," त्यांनी आवाज उतरवला, "गुन्ह्याचा पुरावा मातर ठेवते."

भगवंतराव समजले. पुढच्याच बाजारी त्यांनी डोणगावच्या सडकेवरून, फौजदाराला आगाऊ कळवून, मोटार उजव्या बाजूने हाकली. रीतसर पंचनामा झाला, रीतसर खटला उभा राहिला. भगवंतराव आरोपीच्या पिंजऱ्यात नवरदेवासारखे उभे होते. निकालात न्यायाधीशांनी नोंदवले, की आरोपीने संपूर्ण सडकभर, एकदाही न चुकता, कोणत्याही बैलास धक्का न लावता, अत्यंत सफाईने मोटार उजव्या बाजूने हाकली. सबब तो दोषी आहे. यापेक्षा चांगला दाखला कोणत्याही सरकारने दिला नसता. भगवंतरावांनी निकालाची नक्कल घेऊन गावात पेढे वाटले.

मोतीराम यांनी नक्कल वाचली आणि त्यांचे डोळे पाणावले.

"वा! काय हाकली हो! आता फक्त चांगल्या वर्तनुकीचा दाखला जोडा, का झालं."

"तो कोन देते?"

"आमीच देतो. ज्याले कधी सजा झाली नाही, त्याले."

भगवंतराव मोटारीत येऊन बसले. घरी झुंबरबाईंनी पुढच्या सीटसाठी उशी शिवायला घेतली होती, पांढऱ्या अभ्र्यावर लाल धाग्याने मोर काढत होत्या, ते त्यांना आठवत होते. मग ते उतरले आणि थेट डिप्टीसाहेबांच्या दालनात शिरले.

साहेबांचा लौकिक होता, की त्यांच्या टेबलावर आलेला कोणताही प्रश्न सुटल्याशिवाय परत जात नाही. मग त्याच्या जागी दोन गेले तरी चालतील. त्यांनी सगळे प्रकरण शांतपणे ऐकले.

"गुन्हा कशामुळे घडतो? इथे डावीकडून हाकायचा नियम आहे, म्हणून," साहेब म्हणाले. "ती जागा 'इथे' नसती, तर गुन्हाच घडला नसता. खरे ना?"

"खरं, साहेब."

"वऱ्हाड कागदावर एकाचा आणि कारभाराला दुसऱ्याचा, हे आपण इतकी वर्षे चालवतोच आहोत. मग एक सडक परीक्षेपुरती नॉर्वे व्हायला काय हरकत आहे?"

हरकत कोणालाच सुचली नाही. हुकूम निघाला: डोणगावच्या वेशीपासून बाभळीच्या नाल्यापर्यंतची सडक परीक्षेच्या दिवशी सर्व प्रयोजनांसाठी नॉर्वे समजण्यात यावी, भगवंतरावांचा जुना गुन्हा त्याच सडकेवर घडलेला असल्याने तोही परदेशात घडला असे समजून येथील दप्तरातून कमी करण्यात यावा. कारकुनांना सवड फक्त बाजाराच्या दिवशी होती, म्हणून परीक्षा त्या दिवशी ठेवली.

सकाळी मोतीराम नाल्याशी टेबल मांडून बसले. बाजाराला निघालेल्या बैलगाड्यांची रांग त्यांनी हात वर करून थांबवली.

"पासपोर्ट?"

पहिल्या गाडीत वच्छलाबाई वांग्यांच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. "काय पाह्यजे म्हन्ता भाऊ? वांगे?"

"बाई, समोर नॉर्वे हाय. परवान्याबिगर परमुलखात जाता येत नाही."

"मी त डोनगावले जाऊन राह्यली!"

"जा ना. पन नॉर्वेतूनच जा लागन."

यावर दंगा व्हायला हवा होता. झाला नाही. लोकांनी एकमेकांकडे पाहिले आणि निमूटपणे रांग लावली. रांगेत आपला नंबर कितवा, यावरून मात्र दोघांची डोकी फुटली. मोतीराम यांनी चिठ्ठ्या लिहून शिक्के मारले. वच्छलाबाई एका बाजूने नॉर्वेत शिरल्या, दुसऱ्या बाजूने बाहेर पडल्या, आणि टोपल्यांवर शिक्का बसला: परदेशातून आलेला माल.

बाजारात तो शिक्का प्रथम गुरुजींनी वाचला. "विलायती वांगी!" ते मोठ्याने म्हणाले. पुढे वच्छलाबाईंना तोलायला उसंत मिळाली नाही. स्वदेशीवर दर आठवड्याला व्याख्यान देणारे वकील स्वतः पिशवी घेऊन आले आणि "केवळ तुलनेसाठी" सगळ्यात मोठी टोपली घेऊन गेले. दुपारपर्यंत उलट्या दिशेच्या गावांतल्या गाड्याही शेतातून वळसा घालून नॉर्वेच्या रांगेत उभ्या राहू लागल्या. डोणगावचा चुना, डोणगावचे मडके, डोणगावची कोंबडी, जो तो आपला माल आधी देशाबाहेर काढून मग गावात आणत होता.

उन्हे कलल्यावर भगवंतरावांची मोटार वेशीपाशी आली. टपावर शेगडी, डबा, बरणी. मागे मनकर्णाबाई आणि शालू घोंगड्यांत. सीमेवर मोटार थांबली. मागचे दार उघडून झुंबरबाई उतरल्या, सगळ्या बाजारादेखत चालत पुढे आल्या आणि मोराची उशी मांडून नवऱ्याच्या शेजारी बसल्या.

"अवं, सारं गाव पाहून राह्यलं," भगवंतराव कुजबुजले.

"पाहू द्या. नारवे हाय ना हे?"

भगवंतरावांनी मोटार उजवीकडे घेतली. दोन्ही बाजूंनी लोक ओरडू लागले, टोप्या उडू लागल्या. झुंबरबाईंचा पदर डोक्यावरून सुटला, वाऱ्यावर फडफडत मागे मनकर्णाबाईंच्या तोंडावर जाऊन बसला, आणि त्या आतून ओरडल्या, "दिवस मावळला काय रे भगवंता?" झुंबरबाई हसायला लागल्या. त्या अशा मोठ्याने हसतात, हे भगवंतरावांना माहीतच नव्हते. त्यांनी उगाचच भोंगा वाजवला, मग झुंबरबाईंना आणखी हसवायला पुन्हा वाजवला. नाल्यापर्यंत जाऊन ते आपणहून वळले, कोणी सांगितले नसताना परत फिरले, पुन्हा गेले. परीक्षा कधी संपली, ते त्यांना कळलेही नाही.

नाल्याकाठी बाभळीखाली शेगडी पेटली. कुरड्या तळल्या. सूर्य मावळला, मोतीराम यांनी 'नॉर्वेत सूर्य मावळला, खुलासा मागवावा' अशी नोंद करून एक कुरडी उचलली. भगवंतराव परीक्षेत उत्तीर्ण झाले होते. चौघांच्या कागदांवर येण्याचे आणि जाण्याचे शिक्के मारून मोतीराम यांनी ते दप्तरात बांधले.

महिन्याभराने पासपोर्टाच्या अर्जावर शेवटचा शेरा आला: अर्जदार सहकुटुंब नॉर्वेला जाऊन परत आल्याचे कागदपत्रांवरून दिसते. हेतू सफल झाला असल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

भगवंतराव मोटारीत बसून तावातावाने भांडायला निघाले. वेशीवरच लोकांनी मोटार अडवून हार घातले. खुद्द किसनराव बीबीहून आले होते.

"कसा काय मुलूख हाय हो?" किसनरावांनी हेव्याने विचारले.

भगवंतरावांनी तोंड उघडले. आता खरे सांगावे, असे त्यांच्या अगदी मनात होते. शेजारी झुंबरबाई बसल्या होत्या. त्या दिवसापासून त्या मागच्या सीटवर गेल्याच नव्हत्या आणि त्यांना तिथे बसवण्याची कोणाची छाती झाली नव्हती.

"थंडी लय," भगवंतराव म्हणाले. "पन मानसं शिस्तीची."

पुढे महायुद्ध आले, मग स्वातंत्र्य आले, वऱ्हाडाचे मालकही बदलले. तो हुकूम मात्र रद्द करायचा राहून गेला. उलट तो एका दिवसापुरता, एका सडकेपुरता होता, हेच हळूहळू लोक विसरले. म्हणूनच, वाचकहो, परवा लांबचा वळसा वाचावा म्हणून तुम्ही बेधडक उजव्या बाजूने गाडी घातलीत आणि समोरून नीट येणाऱ्यावरच डोळे वटारलेत, तेव्हा तुमच्या हातून कोणताही गुन्हा घडलेला नाही. तेवढे अंतर तुम्ही परदेशात होता. फक्त त्यानंतर गाडी डावीकडे घेऊन, "या देशातल्या लोकांना शिस्तच नाही," असे जे तुम्ही म्हणालात, ते नेमके कोणत्या देशाबद्दल, एवढे अर्जात नमूद करावे. रकाना कोरा सोडू नये.