ओटो आणि लटक्या

रविवारी संध्याकाळी रॉक लुद्रिक आंघोळ उरकून, केसांना तेल चोपडून बाहेरच्या खोलीत आला, तर त्याच्या खुर्चीत बाबली बसला होता. नुसता बसला नव्हता, चांगली मांडी ठोकून बसला होता.

"बाबली, ती माझी खुर्ची."

"माका म्हायती आसा, पात्रांव. म्हणान तर हंय बसलंय. बाकीच्यो टोचतत."

तोंडाने पात्रांव, म्हणजे मालक, म्हणायचं आणि मालकाच्याच खुर्चीत बसायचं! रॉकच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली. पण बोलायची सोय नव्हती. बाबलीला त्यानेच बोलावलं होतं. एकट्या बाबलीला नव्हे, अख्ख्या वाडीला बोलावलं होतं, आणि तेसुद्धा गेली कित्येक वर्षं.

रॉकला नाद होता मोटारशर्यतींचा. त्यातही साध्यासुध्या नव्हे, साइडकारच्या. मोटरसायकलच्या बगलेला जमिनीलगत एक फळी जोडलेली असते. एक जण गुडघ्यांवर ओणवा होऊन गाडी चालवतो आणि दुसरा त्या फळीवर कधी ह्या अंगाला, तर कधी त्या अंगाला लोंबकळतो. बहारीनच्या गॅरेजमध्ये नोकरीला असताना रॉकला हे वेड लागलं आणि तो मालवणच्या किनाऱ्यावर घरी परतला तेव्हा पेट्यांबरोबर तेही घरात आलं. ज्या वाहिनीवर ह्या शर्यती लागत तिची वर्गणी दुबईहून मुलगा, ॲल्स्टन, भरत असे. आसपासच्या दहा गावांत त्या बघणारा रॉक एकटा. सत्यवानच्या दुकानातल्या टीव्हीपुढे क्रिकेटची लीग बघायला सगळी वाडी लोटायची, आणि इकडे रॉक भिंतींना ऐकवायचा, "चल ओटो, चल!" रस्त्याने जाणारे थांबून त्याच्या बायकोला विचारायचे, "लिलियनबाय, पात्रांवची तब्येत बरी आसा मा?"

हा अपमान गिळून रॉकने एक भविष्य वर्तवून ठेवलं होतं. "ह्या क्रिकेट एकदा बंद पडांदे. मगे बघा, सगळे माझ्या दारात येतले."

आणि क्रिकेट बंद पडलं. ऐन मे महिन्यात, स्पर्धा रंगात आलेली असताना लीग मध्येच थांबली. पुन्हा कधी सुरू होणार ते कोणी सांगेना. वाडीतली माणसं दोन संध्याकाळी सत्यवानच्या बंद टीव्हीकडे बघत बसली आणि तिसऱ्या संध्याकाळी, म्हणजे ह्या रविवारी, रॉकच्या दारात आली.

पहिली पंधरा-वीस मिनिटं रॉक हवेत होता. "हो बघा, लाल गाडी. ओटो क्राउस. केस पिकले हेचे, पण अजून चॅम्पियन होवक नाय. ह्या वर्साक शेवटचो चान्स. मगे रिटायर." ओटोचं नाव ह्या वाडीत चार माणसांनी मानाने घ्यावं, एवढीच रॉकची इच्छा होती. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केलेल्या माणसाला एक तरी ओटो लागतो.

"पात्रांव, बॅटिंग कोणाची आसा?" सत्यवानने विचारलं.

"बॅटिंग नाय रे. सगळे एकदम धावतत."

"एकदम? मगे आउट कसे करतत?"

"आउट नाय करनत! जो पयलो येता तो जिकता!"

"आणि तेवढ्यासाठी इतके फेरे? पयल्याच फेऱ्याक समजला मा कोण पुढे ता!"

रॉकने सुस्कारा टाकला. तेवढ्यात बाबली खुर्चीतून ताडकन उठला. त्याची सारी हयात मासेमारीत गेली होती. "अरे, ही तर उलांडीची होडी!" होडी कलंडू नये म्हणून तिच्या बाजूला जे लाकूड बांधतात, ती उलांडी. वारा जोराचा असला की एक गडी तिच्यावर जाऊन बसतो आणि आपल्या वजनाने होडी सावरतो. "तो उलांडेर बसलेलो कोण, पात्रांव?"

"तो मागचो. तेका सोड. तू ओटोक बघ."

"सोड कसो? तो नाय तर होडी उलाटतली!"

बाबलीला जेवायला बोलवायला आलेली त्याची बायको तुळसा दारातच थबकली आणि बघता बघता आत येऊन बसली. "अगो बाय माझ्या! तेचा डोक्या जमनीक घासता! नाव काय ओ तेचा?"

रॉकने पडद्याकडे बघितलं. त्याला नाव ठाऊक नव्हतं. पडद्यावर 'क्राउस-क्राउस' एवढंच येत असे, त्यावरून त्याने दोघांना भाऊ धरलं होतं. "भाव आसतलो ओटोचो. नाव घेवन काय करतलंस? मागच्याचा काम एकच, गप बसूचा."

स्वयंपाकघरात चहाचं टोप जरा जोरात आपटलं. कारण हे वाक्य रॉक आपल्या बायकोला, लिलियनला, दर रविवारी चर्चला जाताना स्कूटरवर ऐकवत असे.

"गप खंय बसलोहा? सारखो लटाकता तो," तुळसा म्हणाली, आणि त्या क्षणी त्या माणसाचं बारसं झालं. लटक्या. शर्यत संपेपर्यंत खोलीत दुसरं नाव उरलं नाही. लाल गाडी निळ्या गाडीच्या मागोमाग दुसरी आली, तेव्हा सगळ्यांनी लटक्यासाठी टाळ्या वाजवल्या. रॉक संतापून टीव्ही बंद करायला उठला. एरवीही तो शर्यत संपल्या संपल्या चॅनल बदलायचाच, कारण लिलियनच्या मालिकेचा महाएपिसोड त्याच वेळेला लागायचा.

पुढच्या रविवारी माणसं खोलीत मावेनात. अंगणात चटया पडल्या, टीव्ही खिडकीत आला, आणि सत्यवान सोड्याच्या बाटल्यांचा क्रेट घेऊन रॉकच्याच पायरीवर धंद्याला बसला.

"सत्यवान, ह्या माझा घर आसा!"

"म्हणानच तर गिऱ्हाईक आसा, पात्रांव. तुमका लिंबू की जिरा?"

रॉक काही बोलणार तोच बाबली पडद्यासमोर उभा राहिला, त्याने हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! साता समुद्रापलीकडे जो कोण लटाकलेलो आसा, तेची मूठ सुटा देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अंगण गरजलं.

"निळ्या गाडयेचो टायर बसांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ओटोचा काय?" रॉक ओरडला. "ओटोसाठी कोण सांगतलो?"

बाबलीने मागे वळून बघितलं. "ओटो बसलेलो आसा मा? बसलेल्याक गाऱ्हाणा कित्याक?"

हे रॉकच्या काळजाला घरं पाडून गेलं. त्या रात्री तो जेवला नाही. लिलियनने माशाची कढी झाकून ठेवली आणि म्हणाली, "तुकाच लोक होये होते मा? इले."

"असले नको होते," रॉक म्हणाला.

बुधवारी तर कहर झाला. सत्यवानचा तीनचाकी टेम्पो बाजाराला निघाला होता. बाबली मागे नारळांवर बसला होता. चर्चच्या वळणावर त्याला काय स्फुरण चढलं कोण जाणे, "सत्या, मार वळण!" असं ओरडून तो एका हाताने दांडा धरून रस्त्याकडे झुकला. रस्त्याकडेला वायंगणीच्या, म्हणजे उन्हाळी भाताच्या, शेताचा चिखल होता, तो मऊ निघाला म्हणून हाडं शाबूत राहिली. पँट मात्र सीमेच्या दगडाला अडकून तिथेच राहिली. नारळ उतारावरून थेट चर्चच्या फाटकापर्यंत गेले. तुळसा बाबलीला टॉवेल गुंडाळून सरळ रॉकच्या घरी घेऊन आली.

"बघा पात्रांव, तुमच्या खेळान माझ्या घोवाची काय गत केल्यान ती!"

"माझ्या खेळान? मी सांगलंय होतंय लटाक म्हणान? मी पयल्या दिवसापासून सांगतंय, ओटोक बघा, ओटोक बघा!"

"ओटोक बघून काय करतलो? हेका खंय गाडी चालवक येता?"

रॉकने हात वर केले. मग मनोमन क्रिकेटची प्रार्थना केली. जन्मात पहिल्यांदाच.

प्रार्थना ऐकली गेली. शुक्रवारी बातमी आली की लीग पुन्हा सुरू होते आहे, रविवारी संध्याकाळपासून. आणि रविवारीच होती ओटोची शेवटची शर्यत. रॉकला आनंदाने भरून आलं. तो स्वतः सत्यवानच्या दुकानात गेला. "आयकलास मा? रविवारी क्रिकेट आसा. सगळ्यांनी हंयच बघूचा. माझ्याकडे कोणी येवचा नाय."

"पण लटक्याची शेवटची शर्यत..." बाबली म्हणाला.

"ओटोची!" रॉक दुकानातून तरातरा निघाला.

रविवारी रॉकने दार लावून घेतलं, खुर्ची पुसली आणि बसला. पहिला फेरा शांततेत गेला. दुसऱ्या फेऱ्याला खिडकीशी कोणीतरी खोकलं. तिसऱ्याला लिलियनने दार उघडलं. "बाहेर उभी रवून बघतत, रॉक. मच्छर खातत तेंका." आणि सत्यवानच्या सोड्याच्या क्रेटसकट सगळी वाडी आत आली. काही जणांनी दोन्ही दगडांवर पाय ठेवले होते. डोळे टीव्हीवर, हातात मोबाइल आणि मोबाइलवर क्रिकेट. शेवटच्या फेऱ्याला लाल गाडी निळीच्या चाकाला चाक लावून वळणावर शिरली आणि मागून आरोळी उठली, "गेलो! गेलो! आउट!"

"कोण गेलो?" रॉक किंचाळत उठला. "ओटो गेलो?"

"नाय ओ, आमचो ओपनर गेलो."

रॉकने वळून त्या माणसाचा मोबाइल हिसकावला आणि सोड्याच्या क्रेटमध्ये टाकला. तो पुन्हा पडद्याकडे वळेपर्यंत लाल गाडी रेषेच्या पलीकडे होती. पहिली. ओटो चॅम्पियन झाला होता. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली, तो त्याने पाहिलाच नव्हता. खोलीत फटाके वाजल्यासारखा गलका झाला. बाबलीने सत्यवानला उचललं, तुळसाने लिलियनला मिठी मारली. "लटक्या! लटक्या!"

रॉकचे डोळे रागाने भरून आले. हे लोक ओटोचा विजय त्याच्यासमोर चोरून नेत होते. त्याने सवयीने रिमोट उचलला.

"थांबा पात्रांव!" तुळसा ओरडली. "लटक्याचा तोंड बघूक होया!"

"मालिका लागतली."

"मालिका जळांदे," लिलियन म्हणाली आणि तिने रॉकच्या हातातून रिमोट काढून घेतला.

पडद्यावर ओटोने हेल्मेट काढलं. पिकलेले केस, थकलेला चेहरा. मग लटक्याने हेल्मेट काढलं आणि त्यातून खांद्यावर एक पांढरी वेणी पडली.

खोलीत एवढी शांतता झाली की क्रेटमधल्या मोबाइलवरची कॉमेंट्री ऐकू आली.

"बायलमाणूस!" तुळसा म्हणाली.

"माका पयल्यापासून वाटत होता," बाबलीने ठोकून दिलं.

"शिरा पडो तुझ्या तोंडार. तुका काय वाटत होता? पँट सोडून इलंस तेव्हा वाटला?"

लिलियन शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. ती पडद्यावरचं बोलणं ऐकत हळूहळू सांगू लागली. "घोव-बायल आसत. लग्न झाल्यापासून ती हेच्या बाजूक लटाकता. दोनदा खांदो मोडलो. आणि तो ओटो काय म्हणता म्हायती आसा? म्हणता, हँडल माझ्या हातात आसा, पण गाडी हिच्या हातात."

म्हणजे ओटोसुद्धा फितूर निघाला. रॉक खुर्चीत बसायला गेला, पण तिच्यात आता तुळसा बसली होती.

"रॉक," लिलियन अगदी गोड आवाजात म्हणाली, "भाव मा रे तो?"

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं रॉकला वाटलं.

"इतकी वर्सा बघतंस," ती म्हणाली, "आणि तुका बायल दिसाक नाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्रुसाकडे लदीन, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, होतं. रॉक कपडे करून बाहेर आला, तर लिलियन स्कूटरवर पुढे बसली होती. लग्नाआधी ती शाळेत जायला स्वतःची लुना चालवायची, हे रॉकला ठाऊक होतं. फक्त तो ते विसरून गेला होता.

"ह्या काय?"

"बस मागे."

"लोक काय म्हणतले?"

"लोक क्रिकेट बघतत. कोण बघूचो नाय तुका. बस, आणि गप बसा नको. वळणार वाक."

रॉक रागाने धुमसत मागे बसला. लिलियनने स्कूटर सोडली ती अशी की त्याची टोपी अंगणातच राहिली. सत्यवानच्या दुकानात पुन्हा पहिल्यासारखी गर्दी होती. सगळ्यांच्या पाठी रस्त्याकडे, तोंडं टीव्हीकडे. आले आणि गेले, रॉक मनात म्हणाला, तीन रविवारांचे भक्त. त्याला कडवट समाधान वाटलं. आता कोणाचं लक्ष नसताना हे वळण पार पडलं की झालं.

एवढ्यात बाबलीने मान वळवली.

"इलो रे! बघा, बघा, कोण मागे आसा ता!"

दुकानातल्या बाकांचे पाय एकदम करकरले. शेवटची ओव्हर चालू होती, तरी एकूण एक माणूस टीव्हीकडे पाठ करून रस्त्यावर आला. समोर चर्चचं वळण होतं.

"वाक!" लिलियन ओरडली.

"खंय?"

"आत, आत!"

रॉकने एका हाताने मागचा दांडा पकडला, दात-ओठ खाल्ले आणि झुकला. स्कूटर चिखलाला चाटून लोण्यासारखी वळली. मागून सगळी वाडी एका सुरात गरजत होती, "लटक्या! लटक्या!"

वळून त्यांना हात दाखवावा, असं रॉकला एकदा वाटलं. पण मूठ सोडायची नसते, एवढं आता त्यालाही कळलं होतं.