ढालगज सिस्टर

चिंचणीच्या सुरूच्या बनात दिवस मावळताना एक बाई पांढरी छत्री उलटी धरून उभी असते, वर पाऊस नसतो, ऊनही नसतं, आणि दुसऱ्या हातातल्या काठीने ती झाडांच्या फांद्या बडवत असते, असं कुणी तुम्हाला सांगितलं तर ते खरं आहे. घाबरू नका. मी घाबरले होते.

मी साताऱ्याकडची. शाळेवर बदली होऊन इथे आले तेव्हा खोली शोधत फिरत होते आणि समोर हे दृश्य. समुद्राकडून खारं धुकं येत होतं. बाईचं पातळ पांढरं, केस पांढरे, छत्री पांढरी. तिने छत्रीत वाकून पाहिलं, कशाला तरी हळू आवाजात "ये, ये, भिऊ नको" म्हणाली, आणि मग मान वर न करता मला म्हणाली, "खोली बघायला आलीस ना बाय? माझीच हाय. दोन मिनटं थांब, हिला उतरवून घेते."

'हिला' म्हणजे एका हिरव्या ढेकण्याला.

कुमुदिनी राऊत. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म गेला, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गाव अजून 'सिस्टर' म्हणतं. पाठीमागे 'ढालगज' म्हणतं. ते सिस्टरांना माहीत होतं आणि आवडायचंही. पण त्याचं कारण वेगळं होतं.

"ढालकिडे म्हंजे काय, ते आधी समजून घे," त्यांनी पहिल्याच दिवशी चहाबरोबर मला शिकवणी दिली. "पाठीवर मधोमध तिकोनी ढाल. मिशीला पाच सांधे. तोंड नाय, सोंड. इंजेक्शनच्या सुईसारखी, वापरून झाली की पोटाखाली दुमडून ठेवायची. आता ज्याची ढाल अर्ध्या पाठीपरेंत, तो वॉर्ड नंबर एक. ज्याच्या पायाला काटे नि जो माती खणतो, तो वॉर्ड दोन. वाटाण्यासारखा गोल, तो तीन. आणि जिची ढाल इतकी मोठी की सगळी पाठ, पंख, सगळं झाकून टाकते, ती ढालगज. वॉर्ड चार. स्पेशल."

हे वर्गीकरण त्यांनी पालघरच्या एका रद्दीच्या दुकानात सापडलेल्या, पुठ्ठा गेलेल्या इंग्रजी पुस्तकावरून शब्दकोश घेऊन लावलं होतं. पुस्तकातली लॅटिन नावं त्यांना पाठ होती, पण त्या म्हणायच्या, "ती नावं कागदावर. हाक मारायला नाय बरी."

घरात किडे ठेवलेल्या काचेच्या बाटल्या, त्यांच्या तोंडाला मच्छरदाणीची कापडं, आणि प्रत्येकीवर चिकटपट्टीवर लिहिलेलं: 'दाखल', 'कात पहिली', 'कात दुसरी', अशी पाचवीपर्यंत. पाचवी कात टाकली की 'डिस्चार्ज' लिहून सिस्टर त्या किड्याला अंगणात सोडायच्या. मी राहायला आले त्या आठवड्यात माझ्या उशीवर एक डिस्चार्ज झालेला पेशंट बसला होता. मी ओरडले, त्याला झटकला, आणि खोलीभर वास पसरला. चुरडलेल्या कोथिंबिरीसारखा, पण कुजलेला.

सिस्टर दारात आल्या. "नाक दाबू नकोस. तुझ्यासाठी नाय सोडला तो वास. बाकीच्यांना सांगतो हाय, पळा म्हणून. लहानपणी वासाच्या पिशव्या पाठीवर असतात, मोठं झालं की खाली, पायांच्या मुळाशी. तू एका पेशंटला भेडवलंस."

महिनाभर मला कोथिंबीर घातलेली आमटी खाववली नाही.

पण खरं सांगायचं तर वासाची सवय होते. सवय झाली नाही ती शांततेची. त्या घरात काहीतरी सतत चालू असल्यासारखं वाटायचं आणि ऐकू मात्र काहीच यायचं नाही. एकदा शाळेतून आले तर सिस्टर मागच्या अंगणात जास्वंदीच्या खोडाला वाकून कान लावून होत्या. कान आणि खोड यांच्यामध्ये एक ॲल्युमिनियमचं नळकांडं होतं. पूर्वी गरोदर बाईच्या पोटावर टेकवून बाळाचे ठोके ऐकायचे, ते.

"ये. ऐक," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ते एकमेकांशी बोलतात. आवाज नाय करत, फांदी थरथरवतात. नर एका डहाळीवर, मादी दुसरीवर. तिला पायांतून कळतं."

मी कान लावला. आधी काहीच नाही. मग माझ्याच कानातलं रक्त. मग त्याच्याही खाली, लांब कुठेतरी कुणी बंद दारामागे गुणगुणावं तसं. मी चटकन कान काढला. ते खरोखर किड्यांचं होतं की तारापूरच्या रस्त्यावरच्या ट्रकची घरघर मुळांतून येत होती, मला आजही ठाऊक नाही. सिस्टरांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि समाधानाने नळकांडं पदराने पुसलं.

दुसरी गोष्ट काजूच्या झाडाची. कुंपणापाशी एक जुना काजू होता आणि त्याच्या वाटेला कुणी जात नसे. समोरच्या कोळीवाड्यातली सुकी मासळी विकायला येणारी हौसाबाय तर टोपली घेऊन लांबून वळसा घालायची. "त्या झाडात चेडा हाय," ती मला म्हणाली. चेडा म्हणजे इकडचं भूत. "मी आपल्या डोल्यांनी तोंडं बघितली. एक नाय, पन्नास."

मी हसले. एका सकाळी सिस्टरांनी मला त्याच झाडाखाली नेलं आणि एक फांदी हळूच खाली ओढली. मी पाहिलं. पानापानावर तोंडं होती. तांबडी, पिवळी, अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी. दोन काळे वाटोळे डोळे, मध्ये लांब नाक, वर काळे केस. सगळी सरळ माझ्याकडे बघत होती, आणि एकही पापणी लवत नव्हती.

"हौसाबाय खोटं नाय बोलली," सिस्टर म्हणाल्या. "हे डोकं खाली करून बसतात. मग पाठीवरचे ठिपके डोळे होतात, ढालीचं नाक होतं, पंखांचं टोक केस. वॉर्ड नंबर एकचेच हायत बिचारे."

"पण असं कशाला?"

"ते मला नाय माहीत. पुस्तकात पण नाय." मग फांदीकडे बघत, "सगळ्याला कारण हवंच का?"

फांदी त्यांनी इतक्या अलगद सोडली की एकही तोंड हललं नाही.

हे सगळं मी सुट्टीत घरी गेले की रंगवून सांगायचे आणि भावंडं हसून लोळायची. आता सांगते ते मात्र मी तिकडे कधी सांगितलं नाही.

भाताला लोंब्या आल्या होत्या. एक दिवस सिस्टरांनी मला शाळेत फोन करून घरी बोलावलं. "वॉर्ड चारची बाळंतीण दाखल झाली." मागच्या अंगणात शेंदरीचं झाड होतं. त्याच्या एका पानाच्या पाठी केशरी रंगाची, काळ्या ठिपक्यांची ढालगज बसली होती आणि तिच्या पोटाखाली मोहरीएवढी अंडी, एकाला एक लागून. इतर किडे अंडी घालून निघून जातात. ही जात नाही. खात नाही, पीत नाही, पिल्लं निघेपर्यंत वरून झाकून बसते. मी बोट पुढे केलं तर तिने अंगच माझ्याकडे कलतं केलं, ढाल पुढे करावी तसं.

सिस्टरांनी झाडाला दोरी बांधून त्यावर पाटी अडकवली: 'भेटीची वेळ ४ ते ५'. डासांसाठी धूर मारायला पंचायतीचा माणूस यंत्र घेऊन आला, त्याला फाटकातच अडवलं. तो हुज्जत घालायला लागला, तर त्याच्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "तू शकूचा ना? पायाळू होतास. तीन तास तुझे पाय धरून बसले होते मी. त्यातला एक तास आज परत दे, नि पुढच्या गल्लीत जा." तो मुकाट गेला.

आठव्या दिवशी सिस्टर भिंगातून बघून आल्या. जेवल्या नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अंडी काळवंडली."

कोंड्याच्या कणाएवढी एक काळी माशी असते. ती या अंड्यांत आपली अंडी घालते. आई मधली झाकते, कडेची उघडी पडतात. कडेची जातात, मधली वाचतात. या खेपेला मधलीही गेली होती. दोन दिवसांनी मी स्वतः पाहिलं. पिल्लू बाहेर येताना अंड्याचं गोल झाकण उघडतं. इथे झाकणं तशीच होती, आणि बाजूला कुरतडलेली भोकं. त्यांतून बारीक काळ्या माश्या एकेक करून बाहेर आल्या, आईच्या पायांमधून वाट काढत तिच्याच पाठीवर चढल्या, पंख वाळवले आणि उडून गेल्या. आई हलली नाही. रिकाम्या टरफलांवर ती तशीच बसली. मी बोट नेलं तर पुन्हा अंग कलतं केलं.

मी म्हणाले, "सिस्टर, हिला उचलून दुसऱ्या फांदीवर ठेवू या ना. काही उरलं नाही तिथे. बघवत नाही मला."

"हात नको लावू!"

एवढा चढा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. मग त्यांनी घरातून खुर्ची आणली, झाडाखाली ठेवली आणि बसल्या. बोलल्या त्या माझ्याकडे न बघता.

"मी एकदा उचललं होतं. नवी होते, डोंगरात पोस्टिंग. लाखी नावाची बाई आली होती, पहिलटकरीण. बाळ आतच गेलेलं. तेव्हा रीत अशी होती की आईला दाखवायचंच नाय, दाखवलं की जास्त रडते. ती हात पुढं करत होती, बाय. दोन्ही हात. मी कापडात गुंडाळलं नि बाहेर तिच्या नवऱ्याच्या हातात दिलं. मला वाटलं, मी तिचं दुःख वाचवलं. ती रडलीच नाय. तीन दिवस हात तसेच मांडीवर ठेवून बसली होती, वाटी केल्यासारखे. मी तिला औषध द्यायला जायचे नि भिंतीकडे बघायचे."

ढालगज आणखी चार दिवस बसली. सिस्टरही बसल्या. जेवण मी तिथेच नेऊन द्यायचे. पाचव्या दिवशी सकाळी पान रिकामं होतं. मेली की उडाली, कळलं नाही. सिस्टरांनी शोधलंही नाही. आंघोळ करून इस्त्रीचं पातळ नेसल्या आणि मला म्हणाल्या, "आज रविवार हाय. माझ्याबरोबर येशील? एकटीनं जायचा धीर नाय मला."

बोईसरहून एसटीने कासा, तिथून डुगडुगी रिक्षाने घाटाखालच्या एका पाड्यावर. लाखीच्या पाड्याचं नाव त्यांना इतकी वर्षं पाठ होतं. वाटेत सारखी पर्स उघडायच्या आणि बंद करायच्या. मला मनातून वाटत होतं की ती बाई हयात नसली तर बरं.

लाखी हयात होती. कुडाच्या घरापुढे शेणाने सारवलेल्या अंगणात नाचणी पाखडत होती. पुढे तिला मुलं झाली, नातवंडं झाली, त्यांचे कपडे वळणीवर वाळत होते. तिने आम्हाला बसायला पोतं दिलं, पाणी दिलं.

"वळखलंस मला?" सिस्टरांनी विचारलं.

"नाय."

"दवाखान्यातली सिस्टर. तुझं पहिलं..." 

लाखीचं सूप थांबलं. मला वाटलं, आता ती शिव्या देईल, हाकलून देईल. तेच बरोबर ठरलं असतं. सिस्टरही खाली मान घालून त्याचीच वाट बघत होत्या. ती उठली, सिस्टरांच्या अगदी समोर येऊन उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली,

"तू बगितलास नं त्याला? पोरगा हुता का पोरगी?"

सिस्टरांनी डोळे मिटले. "कुणी सांगितलं नाय तुला?"

"कोन सांगल? घरवाल्यानं फडकं सोडलाच नाय, तसाच पुरला. मागाहून तोबी गेला."

"पोरगी," सिस्टर म्हणाल्या. "केस दाट होते, ओले, कपाळाला चिकटलेले. बोटं लांब. हनुवटीला खळगा." त्यांनी लाखीच्या हनुवटीकडे पाहिलं. "हा असाच."

लाखीने हात हनुवटीला नेला आणि तसाच ठेवला. अंगणात कोंबडी फिरत होती, तिच्या पायांचा आवाज तेवढा येत होता.

"पोरगी," ती म्हणाली. "मी दोन नावां ठेवलेली. येक पोराचा, येक पोरीचा. कोन्ता खरा ते ठाव नाय म्हनून दोनी घ्यायचे, रोज. आता येक सोडतां."

मग ती पुढे वाकली आणि सिस्टरांच्या कानाशी काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. सिस्टरांनी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"शोभलं असतं गं तिला," त्या म्हणाल्या.